म्हणे, प्रतीकाने पोट भरत नाही!

जून २०२४ मध्ये लोकसभेचे निकाल लागले आणि उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाला एकही जागा मिळाली नाही. त्याच आठवड्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारचा अभ्यासवर्ग होता. विहाराच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत. बाजूच्या भिंतीवर फुले, शाहू, सावित्रीमाई, रमाई आणि शेवटी मान्यवर कांशीराम व बहन मायावती यांचा एकत्र फोटो आहे. एमपीएससीची तयारी करणारा एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, आता तो शेवटचा फोटो काढायचा का?"

कुणी हसले नाही. त्याने चेष्टा केली नव्हती, त्याला खरोखरच उत्तर हवे होते.

तेवढ्यात दोन उत्तरे आली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते तावातावाने म्हणाले, "फोटोला हात लावशील तर ती गद्दारी होईल." इंजिनिअरिंगला शिकणारा दुसरा तरुण म्हणाला, "काढाच. फोटो, पुतळे, नेते यांनीच आपले वाटोळे केले. प्रतीकाने पोट भरत नाही. नोकरीवर बोला, फीवर बोला." त्या दिवशी वेळ संपली आणि प्रश्न तसाच राहिला. आम्हाला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. त्यातले दुसरे जास्त धोकादायक आहे, कारण ते ऐकायला शहाणपणाचे वाटते. म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

हे वाक्य कुणाच्या तोंडचे आहे?

'प्रतीकाने पोट भरत नाही' हे वाक्य आमच्या पोरांनी शोधून काढलेले नाही. ते आमच्यासाठी फार जुन्या काळापासून तयार करून ठेवलेले आहे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. पुढे गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. त्या काळात आमची टिंगल कशी झाली? यांच्या घरात पीठ नाही आणि हे विद्यापीठ मागतात! म्हणजे हेच, प्रतीकाने पोट भरत नाही. नावाने काय होते? नोकऱ्या मागा, जमिनी मागा, नाव कशाला?

आमचा साधा प्रश्न आहे. नावाने काहीच होत नव्हते, तर ते नाव लागू नये म्हणून घरे कशासाठी जाळली? ज्या गोष्टीला किंमतच नाही, ती अडवण्यासाठी कुणी सोळा वर्षे खर्ची घालत नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तोपर्यंत आमच्या विरोधकांनी स्वतःच्या कृतीने सिद्ध करून दाखवले होते की प्रतीकाचे मोल त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते.

आणि ही मंडळी स्वतः प्रतीकांशिवाय जगतात काय? त्यांच्या शाळेचे नाव, चौकाचे नाव, सभागृहाचे नाव, पाठ्यपुस्तकातला धडा, रस्त्यावरचा पुतळा, घरातला देव, सणाची सुट्टी हे सारे त्यांचेच आहे. ते इतके सर्वत्र आहे की त्यांना ते प्रतीक वाटतच नाही, ती त्यांची हवा झाली आहे. गुजरातेत १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा सुमारे तीन हजार कोटी रुपये खर्चून उभा राहिला, तेव्हा तो राष्ट्राचा अभिमान होता. लखनौ आणि नोएडात बाबासाहेब, फुले, शाहू, नारायण गुरू, बिरसा मुंडा यांच्यासाठी जागा झाली, तेव्हा ती उधळपट्टी होती. सरदारांबद्दल आमच्या मनात आकस नाही. आकस आहे तो या दुटप्पी तराजूबद्दल. ज्याच्या परसात विहीर आहे, त्याने तहानलेल्याला पाण्याच्या मोहावर प्रवचन देऊ नये.

एका सुट्टीची गोष्ट

आता आमच्या इंजिनिअर मित्राला आम्ही पुण्याची एक गोष्ट सांगतो. दिल्ली-लखनौची म्हणून जी चळवळ आपण ओळखतो, तिची ठिणगी महाराष्ट्रात पडली, हे आपल्याकडच्या अनेक तरुणांना ठाऊक नसते.

१९६० च्या दशकात पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या दारूगोळा संशोधन प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द करण्यात आल्या. दीनाभाना नावाचे एक चतुर्थश्रेणी कर्मचारी उभे राहिले. ते राजस्थानचे, वाल्मिकी समाजातले. त्यांनी विरोध केला आणि त्यांना निलंबित करण्यात आले. त्याच ठिकाणी पंजाबातून आलेला एक तरुण अधिकारी काम करत होता. त्याला स्वतःला तोपर्यंत जातीचा चटका फारसा बसलेला नव्हता आणि बाबासाहेबही त्याने फारसे वाचलेले नव्हते. त्याला प्रश्न पडला की एक शिपाई एका दिवसाच्या सुट्टीसाठी नोकरी पणाला का लावतो? नागपूरच्या डी. के. खापर्डे यांनी त्याच्या हातात बाबासाहेबांचा 'जातिप्रथेचे निर्मूलन' हा ग्रंथ ठेवला. तो तरुण म्हणजे कांशीराम. दीनाभानांची बाजू लढवली गेली, सुट्ट्या परत मिळाल्या आणि कांशीराम पुन्हा पूर्वीचे कांशीराम राहिले नाहीत. ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ, ६ डिसेंबर १९८१ ला डीएस-फोर आणि १४ एप्रिल १९८४ ला बहुजन समाज पक्ष. तारखा बघा. प्रत्येक तारीख बाबासाहेबांशी जोडलेली आहे.

एका दिवसाच्या सुट्टीने दीनाभानांचे पोट भरणार होते काय? उलट पोटावर पाय आला. पण ती सुट्टी गेली असती तर काय गेले असते, हे त्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याला कळत होते. वर्षातले दोन दिवस तरी या देशाच्या सरकारी कॅलेंडरात 'आम्ही आहोत' असे लिहिलेले होते. ते पुसले जाऊ नये म्हणून त्यांनी भाकरी पणाला लावली. त्यातून जे उभे राहिले, त्याने देशातल्या सर्वांत मोठ्या राज्यात चार वेळा मुख्यमंत्री दिला. प्रतीक आणि पोट अशी फारकत करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून दाखवावा.

३ जून १९९५

२ जून १९९५ ला लखनौच्या सरकारी अतिथिगृहात मायावतींना कोंडून त्यांच्यावर हल्ला करण्याचा प्रयत्न झाला. दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, त्यांनी उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. वय ३९. दिल्लीत शिक्षिका म्हणून काम केलेली, अविवाहित, बाप वा नवरा राजकारणात नसलेली चर्मकार समाजातली मुलगी. त्यांच्या आधी देशात कुठल्याही राज्यात दलित स्त्री मुख्यमंत्री झालेली नव्हती.

ते सरकार भाजपच्या पाठिंब्यावर होते आणि साडेचार महिन्यांत पडले. हे आम्ही लपवत नाही. त्या युतीची किंमत चळवळीने मोजली, यावरही स्वतंत्र वाद होऊ शकतो. पण ज्या गावात चांभाराच्या बाईला पाटील-ठाकुराच्या दारावरून चप्पल हातात घेऊन जावे लागत होते, त्या गावात रेडिओवर 'मुख्यमंत्री मायावती' हे दोन शब्द एकत्र ऐकू आले, तेव्हा काय झाले असेल? कलेक्टर, एसपी, सचिव हातात फाइल घेऊन तिच्यासमोर उभे राहिले, तेव्हा ठाण्यातल्या फौजदाराच्या डोक्यात काय फिरले असेल? सत्ता म्हणजे फक्त बजेट नसते. सत्ता म्हणजे खालच्या पायरीवरच्या माणसाला वाटणारा अंदाज, की मी तक्रार केली तर वर कुणी ऐकणारे आहे. आणि वरच्या पायरीवरच्या माणसाला वाटणारा धाक, की मी मारले तर वर कुणी विचारणारे आहे. हा अंदाज आणि हा धाक प्रतीकातूनच येतो.

हा केवळ आमचा भावनिक दावा नाही. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात ४९५ गावांचा अभ्यास झाला आणि तो २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पंचायतीतल्या आरक्षणामुळे ज्या गावांत दोन कार्यकाळ स्त्री प्रधान राहिली, तिथे किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली दरी सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. मुलींच्या शिक्षणातला फरक मिटला. त्यांच्या वाट्याचे घरकाम कमी झाले. संशोधकांचे म्हणणे असे की गावात मुलींसाठी नव्या संधी काही फारशा निर्माण झाल्या नव्हत्या. बदलले होते ते एवढेच, की खुर्चीवर बाई बसलेली मुलींनी पाहिली आणि त्यांच्या आईबापांनीही पाहिली. मग आम्हाला सांगा, एका गावच्या प्रधान बाईने एवढे होत असेल, तर एका राज्याच्या मुख्यमंत्री बाईने किती झाले असेल?

उत्तर प्रदेशातल्या आझमगड आणि बुलंदशहर जिल्ह्यांतल्या एकेका ब्लॉकमध्ये एकोणीस हजारांहून अधिक दलित कुटुंबांचे सर्वेक्षण झाले होते. चंद्रभान प्रसाद त्या अभ्यासाच्या लेखकांपैकी एक. १९९० आणि २००७ या दोन वर्षांची तुलना करता लग्नात दलितांना वेगळ्या पंगतीत बसवणे फार कमी झाले होते, मेलेली जनावरे ओढण्याचे काम बहुतेकांनी सोडले होते, नवरदेव गाडीतून जाऊ लागले होते. त्या अभ्यासाने या बदलाचे श्रेय मुख्यतः बाजाराला आणि शहराकडे जाण्याला दिले. बाजाराचा वाटा आम्ही नाकारत नाही. पण दिल्ली-सुरतचा रस्ता बिहार-राजस्थानच्या दलितालाही खुला होता. मेलेले जनावर ओढणार नाही, असे गावच्या सरंजामदाराला तोंडावर सांगायला खिशातल्या पैशाबरोबर पाठीत कणाही लागतो. ती सतरा वर्षे बसपाच्या उदयाचीही वर्षे होती, हा निव्वळ योगायोग आहे असे आम्ही मानायचे काय?

आणि आपण महाराष्ट्रातल्यांनी तरी कृतघ्न होऊ नये. कानपूरच्या विद्यापीठाला छत्रपती शाहूजी महाराजांचे नाव कुणी दिले? अमरोह्याच्या जिल्ह्याला ज्योतिबा फुले नगर कुणी म्हटले? लखनौच्या मोठ्या वैद्यकीय विद्यापीठाला शाहूंचे नाव कुणी दिले? कोल्हापूर-पुण्याचे हे महापुरुष गंगेच्या काठी बहनजींनी नेले. २०१२ मध्ये त्यांची सत्ता जाताच अमरोहा पुन्हा अमरोहा झाले आणि त्या वैद्यकीय विद्यापीठाला पुन्हा इंग्रज काळातल्या किंग जॉर्जचे नाव लागले. 'समाजवादी' सरकारला शाहूंपेक्षा इंग्लंडचा राजा जवळचा वाटला! नावात काही नसते, तर नाव बदलण्याची एवढी घाई कशाला?

प्रतीक आणि शोपीस

इथे आमचे विरोधक एक पळवाट काढतात. ते म्हणतात, मग दलित राष्ट्रपती झाले, दलित मंत्री आहेत, महाराष्ट्रात दलित मुख्यमंत्रीही झाले. ती प्रतीके नव्हेत काय? तुम्हाला फक्त तुमच्याच पक्षाचे प्रतीक चालते!

हा प्रश्न टाळून चालणार नाही. २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. गरिबीतून वर आलेल्या माणसाच्या कष्टांना आम्ही कमी लेखत नाही. पण पुढे काय झाले? त्यांच्या कारकिर्दीत २००४ ची विधानसभा निवडणूक झाली, आघाडी पुन्हा सत्तेत आली आणि मुख्यमंत्रिपद दुसऱ्याला देण्यात आले. शिंदे राज्यपाल होऊन आंध्र प्रदेशात गेले. महाराष्ट्रातल्या एकाही वस्तीने त्यासाठी रस्ता अडवला नाही. का? कारण ते पद वस्तीने मिळवलेले नव्हते. वरून दिलेले होते, वरून काढून घेतले.

उलट १९९५ मध्ये मायावतींच्या मागे बसपाचे स्वतःचे आमदार होते. १९९३ च्या निवडणुकीत ६७ निवडून आले होते. २००७ मध्ये ४०३ पैकी २०६ जागा आल्या, तेव्हा तर कुणाच्या पाठिंब्याची गरजच उरली नाही. सायकलवर फिरलेल्या, पगारातून पैसे दिलेल्या, भिंती रंगवलेल्या कार्यकर्त्यांच्या ताकदीवर ती खुर्ची उभी होती.

कांशीरामांनी हा भेद आपल्याला फार आधी शिकवला. पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, त्यांनी 'चमचा युग' लिहिले. दुसऱ्याच्या हातातला चमचा आणि आपला हात यांतला फरक ओळखा, असे त्यांचे सांगणे होते. आम्ही तोच भेद या विषयाला लावतो. जो नेता आपल्या संघटित ताकदीवर उभा आहे, तो प्रतीक. जो दुसऱ्याच्या दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवला आहे, तो शोपीस. प्रतीक पाहून आमचे पोर म्हणते, मीही होऊ शकतो. शोपीस पाहून आमचे पोर म्हणते, साहेबांची मर्जी राहिली तर मलाही मिळेल. पहिल्यातून कार्यकर्ता घडतो, दुसऱ्यातून उमेदवारीसाठी बंगल्याबाहेर ताटकळणारा माणूस घडतो.

म्हणूनच प्रतीकाची जेवढी बदनामी होते, तेवढी शोपीसची होत नाही. मायावतींच्या हँडबॅगवर, केसांवर, रंगावर, लग्न न करण्यावर या देशातल्या माध्यमांनी जेवढी शाई घालवली, तेवढी त्यांच्या कायदा-सुव्यवस्थेवर घालवली नाही. २०१६ मध्ये भाजपच्या उत्तर प्रदेशातल्या एका उपाध्यक्षाने त्यांच्याबद्दल उच्चारता येऊ नये असा शब्द वापरला. पक्षाने त्याला काढले, पुढे परत घेतले आणि २०२२ मध्ये तोच गृहस्थ राज्यात मंत्री झाला. शोपीसच्या वाट्याला असे शब्द येत नाहीत. त्याच्या वाट्याला शाल आणि श्रीफळ येते.

बाबासाहेबांचा सूट आठवा. अर्धपोटी, अंगावर धड कापड नसलेला आमचा आजा त्यांचा तीन पीस सूट पाहून कधी म्हणाला नाही, की हा माणूस आमच्यापासून दूर गेला. त्याला वाटले, तो सूट आपल्याच अंगावर चढला आहे. गांधींचा पंचा ज्यांना भावला, त्यांच्याकडे घालायला कोट होता. आमच्याकडे पंचाच होता, त्यामुळे आम्हाला कोट भावला. आशेचे हे गणित ज्याला कळत नाही, त्याने आमच्या प्रतीकांवर अग्रलेख लिहू नयेत.

आता आपल्या घरातली झाडाझडती

इथवर वाचून आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते खूश झाले असतील. आता त्यांच्याशीही थोडे भांडायचे आहे.

'फोटोला हात लावशील तर गद्दारी' हे वाक्य आंबेडकरी नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात 'रानडे, गांधी आणि जिना' या व्याख्यानात बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर आसूड ओढला. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी देशाला बजावले, की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा त्यांनी फक्त काँग्रेसवाल्यांना दिला होता आणि आपल्याला त्यातून सूट होती, असे कुणाला वाटत असेल तर त्याने ते भाषण पुन्हा काढून वाचावे.

प्रतीक आणि देव यांत फरक काय? देवाला प्रश्न विचारता येत नाही. प्रतीकाला विचारता येतो, विचारलाच पाहिजे. आम्ही बहनजींना विचारतो. २००७ मध्ये ३० टक्के मते आणि २०६ आमदार होते. २०१२ मध्ये ८० राहिले, २०१७ मध्ये १९, २०२२ मध्ये फक्त एक. आता मतांचा टक्काही दहाच्या खाली आला आहे. हा सारा दोष मतदान यंत्रांचा आणि माध्यमांचा आहे काय? कांशीरामांनी जातीजातीतून उभे केलेले दुसऱ्या फळीचे नेते एकेक करून का गेले? नोटांच्या हाराची गरज कुणाला होती? महापुरुषांच्या रांगेत हयातीतच स्वतःचा पुतळा का? कार्यकर्त्यांच्या पक्षात भाच्याला वारस नेमणे, काढणे, पुन्हा नेमणे हा कोणता बहुजनवाद आहे? हाथरससारखे अत्याचार होतात तेव्हा रस्त्यावर निळा झेंडा आधी का दिसत नाही?

हे प्रश्न विचारल्याने ३ जून १९९५ खोटा ठरत नाही. त्या दिवशी जी आशा निर्माण झाली, ती मायावतींच्या मालकीची नव्हती. ती दीनाभानांची होती, खापर्ड्यांची होती, सायकलवर फिरलेल्या हजारो बिननावाच्या माणसांची होती. नेता हा आशेचा मालक नसतो, विश्वस्त असतो. विश्वस्ताने हिशेब दिला पाहिजे, आणि हिशेब मागणारा गद्दार नसतो.

आणि बोट फक्त लखनौकडे दाखवून आपण सुटणार नाही. १९९८ मध्ये महाराष्ट्रातून रिपब्लिकन चळवळीचे चार खासदार लोकसभेत गेले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चौघेही खुल्या मतदारसंघांतून! त्या वर्षी वस्त्यावस्त्यांत लोक ढसाढसा रडले होते, आनंदाने. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना विचारा. आशा काय असते ते सांगतील. ती आशा आपण किती महिने सांभाळली? गट, उपगट, कंसातली इंग्रजी अक्षरे, कुणाच्या तरी कोट्यातून एखादी जागा. आज त्या चौघांच्या एकत्र फोटोखाली काय लिहावे, हे आम्हाला सुचत नाही.

प्रतीक कशाने मरते? शत्रूच्या टिंगलीने मरत नाही, टिंगलीने ते मोठे होते. ते मरते आपल्या आळसाने. नेता खुर्चीवर बसला, आता आपले काम झाले, असे कार्यकर्त्याला वाटले त्या दिवशी ते मरायला लागते. नेत्याने आपल्यासाठी सगळे करावे आणि आपण १४ एप्रिलला डीजे लावावा, ही वाटणी चालणार नाही. आशा म्हणजे उसने घेतलेले पैसे. ते मुदतीत कामाला लावले नाहीत, तर व्याज आपल्याच पोरांना भरावे लागते. आज आमची काही पोरे भगव्या मोर्चात दिसतात, काही 'सगळे सारखेच' म्हणून मतदानाच्या दिवशी झोपून राहतात. ते व्याज आम्ही सध्या भरतो आहोत.

मग फोटोचे काय करायचे?

आमच्या इंजिनिअर मित्रा, फीवर बोल, नोकरीवर बोल, जरूर बोल. पण शिष्यवृत्ती अडली म्हणून समाजकल्याण कार्यालयात साहेबासमोर उभे राहताना तुझा आवाज का थरथरत नाही, याचा विचार कर. तुझ्या आजोबांचा थरथरत होता. तुझ्या आणि त्यांच्या मधल्या काळात कुणीतरी त्या भिंतीवर आले म्हणून तुझा थरथरत नाही. भाकरीची लढाई लढायलाही आधी मान वर लागते. मान खाली घालून भीक मागता येते, हक्क मागता येत नाही.

आणि ज्येष्ठांनो, फोटो आम्ही काढणार नाही, पण त्याला उदबत्तीही ओवाळणार नाही. फोटो शपथेसारखा असतो. समोर उभे राहून रोज एकच विचारायचे, यांनी जे केले त्यापुढे आम्ही आज काय केले?

पुढच्या रविवारी आम्ही विहारात जाऊन त्या फोटोखाली एक टेबल ठेवले आणि टेबलावर एक वही. वहीत तीन रकाने आहेत. पहिल्यात वस्तीतल्या कुणाचा शिष्यवृत्तीचा किंवा जात पडताळणीचा अर्ज अडला आहे. दुसऱ्यात अत्याचाराच्या कोणत्या केसची पुढची तारीख कधी आहे आणि कोर्टात सोबत कोण जाणार आहे. तिसऱ्यात मतदार यादीत कुणाचे नाव नाही. पहिल्याच दिवशी अकरा नोंदी झाल्या. फोटो काढायचा का, असे विचारणाऱ्या त्या तरुणाकडेच वही सांभाळण्याचे काम दिले आहे.

तुमच्या विहारात, समाजमंदिरात, अभ्यासिकेत असा फोटो असेलच. मित्रांनो, त्याखाली वही आहे का, ते बघा. नसेल तर या रविवारी ठेवा.

जयभीम!